दोनशे अकराव्या पानावरची रेघ

— नाही हो काका, घाई नाही, सावकाश मिटा. एकदा मिटलेत तर हो, दोनदा मिटलेत तर नाही, आणि डोळ्यांत पाणी आलं म्हणून मिटलेत तर ते धरायचं नाही, हे आपलं ठरलंय. दूध पुरे? — एकदा. म्हणजे पुरे. मला वाटलंच. अर्धा पेलासुद्धा गेला नाही, आता काकू म्हणणार की पोरगी धड पाजत नाही, हातात कागद आणि कागदात डोकं. म्हणू दे. अडीच महिन्यांत काकूनं स्वतः किती चमचे पाजले? तिला बघवत नाही म्हणे. "माझ्याच्यानं नाही गं बघवत त्यांना असं" — आणि डोळे पुसत बाहेर जाते नि टीव्हीसमोर बसते. तिथे रोज कुणी ना कुणी मरतं, ते बघवतं. मला बघवतं का, हे कुणी विचारलं नाही. बघवतं मला, तो भाग वेगळा. मला हल्ली काही होतच नाही. डायपर बदलताना नाही, तुमची पाठ लाल दिसली तेव्हा नाही. व्यायामवाला म्हणाला, जखम होईल हां, दोन-दोन तासांनी कूस बदला, तक्ता करा. केला तक्ता. दहाला उजवी, बाराला उताणं, दोनला जरा टेकून, चारला डावी, भिंतीकडे. बरोबर आहे ना? — हनुवटी वर. हं. झालं.

व्यायामवाल्याचं सांगायचंच राहिलं. सकाळी तुम्ही डोळे मिटून पडला होतात, पण ऐकलं असेलच तुम्ही, डॉक्टर म्हणतात तुम्हाला सगळं समजतं, फक्त बोलता येत नाही. तर तो मला विचारतो, "तुम्ही नर्स का?" म्हटलं, नाही, पुतणी. धाकट्या भावाची मुलगी. दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं, त्यामुळे घरात जे कुणालाच करायचं नसतं ते माझ्याकडे येतं. पाहुण्यांचा चहा, विजेच्या माणसाची वाट बघणं, आणि आता काका. मग म्हणाला, हे कागद कसले? म्हटलं, कादंबरी. "कुणाची?" माझी. "म्हणजे तुमच्या मालकीची?" — नाही हो, मी लिहिलेली! तर तुमचा गुडघा तसाच हवेत धरून तो माझ्याकडे बघत राहिला. म्हटलं, पाय खाली ठेवा आधी, तो त्यांचा आहे. — हसलात? डाव्या बाजूनं हसलात. बरं दिसतं. म्हणजे बरं नाही दिसत, पण हसलात.

आता ऐका, कारण मला खरंच काम आहे तुमच्याकडे आणि चार वाजायला वीस मिनिटं आहेत. प्रकाशनवाल्या बाईंचा फोन आला होता. उद्या सकाळी दहापर्यंत शेवटची प्रत पाठवायची. ह्या वेळी पक्कं. मागे दोनदा मुदत वाढवून घेतली मी — घरात आजारी माणूस आहे म्हणून. तुमचं नाव पुढे करून, हो. बाई म्हणाल्या, "आजारपण मला कळतं गं, पण छापखाना थांबत नाही. उद्या नाही आलं तर ही जागा मी दुसऱ्या पुस्तकाला देते." गोड आवाजात म्हणाल्या. त्या सगळंच गोड आवाजात म्हणतात. पहिल्या खेपेला म्हणाल्या होत्या, आवाज आहे तुला, पण राग फार आहे, राग जरा कमी करून आण. मी घरी येऊन तुम्हाला विचारलं, काका, राग कमी कसा करतात? तुम्ही म्हणालात, "विशेषणं काढ. राग विशेषणांत नसतोच, तो नुसता तिथे ओरडत बसतो." सव्वीस पानांतली विशेषणं काढली आणि बाईंना वाटलं, मुलगी निवळली. राग दुप्पट झाला होता, त्यांना कळलंसुद्धा नाही.

किती वेळा लिहिली मी ही? पहिल्यांदा तीनशे चाळीस पानं झाली तेव्हा वाटलं, संपलं, आता फक्त छापायचं. तुम्ही पहिली चाळीस पानं वाचलीत नि गठ्ठा परत दिलात. "अगं खाडाखोड, ही चाळीस पानं तुझ्यासाठी होती. वाचणाऱ्यासाठी एकेचाळीसपासून सुरू कर." तीन दिवस बोलले नाही मी तुमच्याशी. चौथ्या दिवशी एकेचाळीसपासून सुरू केली. मग मधला भाग नीट झाला तर सुरुवात लंगडी झाली, सुरुवात सावरली तर आईचं पात्रच कुठे दिसेना — सहाव्या प्रकरणात ती स्वयंपाकघरात जाते ती एकदम अकराव्यात बाहेर येते. तुम्ही समासात लिहिलंत, "एवढा वेळ आत काय करते?" मी हसत सुटले होते. आणि हे सगळं कधी? घरातल्यांची कामं आवरून, कुणी हाक मारेपर्यंत. बाबा येता-जाता म्हणायचे, "अजून तेच? एकदा लिहिलेलं पुन्हा पुन्हा काय लिहायचं असतं?" नातेवाइकांना सांगायचे, मुलगी शेवटच्या वर्षाला आहे. दोन वर्षं मी शेवटच्या वर्षालाच होते. जगात इतकं लांब शेवटचं वर्ष कुणाचं नसेल. कुणी घरी आलं की मला आतल्या खोलीत बसवायचे, अभ्यास चाललाय म्हणून. त्या अभ्यासाच्या वेळात कादंबरी झाली, तेवढे त्यांचे उपकार.

आणि कादंबरी त्याचीच ना? बापाच्या त्या थापेची. ती कशी वाढत जाते, परीक्षा होतात, निकाल लागतात, पेढे... पेढे नाही, तिथे मिठाई केलंय आता, बाईंनी सुचवलं. बाबांना माहीत नाही त्यांच्यावर आहे ते. त्यांना वाटतं प्रेमकथा असेल. विचारलंही नाही कधी. ह्या घरात दोनच प्रकारची मोठी माणसं आहेत काका, खोटं बोलणारी आणि ऐकून न ऐकल्यासारखं करणारी. — काय? डोळे मोठे करू नका. तुमच्याबद्दल आहे, तुम्हाला माहितेय. आता काय, बोलूनच टाकते.

तर काम असं आहे. सगळी प्रत तयार आहे. एकेक प्रकरण तीनतीनदा झालंय. इथे ह्या स्टुलावर बसून केलंय, तुमच्या हवेच्या गादीचा पंप घरघरतोय आणि मी स्वल्पविराम हलवतेय. पण शेवटची चार पानं — दोनशे अकरा ते दोनशे चौदा — त्यांना मी हात लावलेला नाही. एक अक्षर नाही. काढते, बघते, परत ठेवते. आणि ती तशीच गेली तर गेली, पण दोनशे अकरावर तुमची ती रेघ आहे, आणि ती रेघ म्हणजे काय ते मला कळल्याशिवाय ती पानं पाठवता येत नाहीत. ही बघा. दिसते? थांबा, चष्मा घालते तुम्हाला. हं, आता. हा परिच्छेद. ही लाल रेघ. वरून निघते, तिरकी सगळ्या परिच्छेदावरून जाते आणि पानाच्या कडेवरून खाली. तुम्ही काही काढायचं असलं की अशीच मारायचात, वरून खाली तिरकी, फक्त खाली एक गाठ मारायचात. हिला गाठ नाही. गाठ नाही, पण रेघ आहे. म्हणजे काढू की ठेवू? — थांबा, अजून मिटू नका. आधी पूर्ण ऐका.

आपण कसे वाचायचो? तुमच्या पद्धतीनं, छापखान्यात मुद्रितं तपासायचात तशी. दोन प्रती. एक माझ्या हातात, मी मोठ्यानं वाचायचं, सगळं, खुणांसकट — "ती उठली स्वल्पविराम दार लावलं पूर्णविराम". दुसरी प्रत तुमच्यापुढे, ओळीखाली पट्टी, हातात लाल पेन्सिल. पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. तुम्ही म्हणालात, "चाळीस वर्षं मी असंच काम केलंय. वाचणाऱ्यानं कागदावरून नजर उचलायची नाही. नजर उचलली की ओळ चुकते. मला थांबवायचं असलं तर मी टेबलावर पेन्सिलीनं टकटक करीन. टकटक नाही, तोपर्यंत वाचत राहायचं." हाच नियम होता ना? तुमचाच नियम. — एकदा. हो.

तर त्या दिवशी दुपारी. काकू बाहेर गेलेली, बाबा कामावर. शेवटचं प्रकरण. आणि दोनशे अकराचा तो परिच्छेद आला. तो तुमचा आहे. त्यात मुलगी येऊन सांगते, कॉलेज सोडलं, आणि बाप तिला — जे झालं ते. भांडं फेकून मारलं ते, कपाळ फुटलं ते. आणि मग ती दोन वाक्यं. "शेजारच्या खोलीत थोरला काका तपासणीला बसला होता. त्यानं पट्टी एक ओळ खाली सरकवली." एवढीच. तुमच्यापासून लपवून ठेवलं होतं मी ते प्रकरण, सगळ्यात शेवटी वाचलं. मला बघायचं होतं तुम्ही काय करता. म्हणजे नजर उचलायची नाही, पण कानानं बघायचं होतं. मी वाचलं, "सरकवली पूर्णविराम". आणि पेन्सिलीचा आवाज आला. खर्रकन. लांब. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसली ती लाल रेघ जाताना. अख्ख्या परिच्छेदावर.

मला काय वाटलं असेल सांगा. मला वाटलं, मारली काट. दोनशे दहा पानं माझ्या आईला सोललंत, बापाला सोललंत, मला तर विचारूच नका, आणि स्वतःची दोन वाक्यं आली तर सरळ रेघ. इतका राग आला ना मला. विशेषणं नसलेला. मी मनात म्हटलं, टकटक केली नाहीत ना? मग मी वाचणार. आणि वाचत राहिले. मुद्दाम सावकाश. एकेक स्वल्पविराम तोंडभरून. तुम्हाला सगळं ऐकायला लावायचं होतं मला. अवतरणचिन्ह सुरू, अवतरणचिन्ह बंद. खिळ्यासारखे ठोकले मी पूर्णविराम. एका पानाला पाच मिनिटं.

पेन्सिल पडली ते ऐकलं मी. टेबलावरून गडगडत जाऊन खाली. मला वाटलं, रागानं टाकलीत.

डॉक्टरांनी विचारलं होतं, झटका नेमका किती वाजता आला? मिनिटं महत्त्वाची असतात म्हणाले, नीट आठवून सांगा. मी म्हटलं, सव्वाचार. हे घड्याळ समोरच असतं ना, मी म्हटलं, मी घड्याळात बघितलं, सव्वाचार. त्यांनी लिहून घेतलं. "लगेच आणलंत, शाब्बास." आणि बाहेर बाबा होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्याच डोक्यावर. म्हणाले, "आज तू घरात होतीस म्हणून दादा वाचला." तेव्हापासून सगळ्यांना सांगतात. आत्याला, शेजाऱ्यांना, ऑफिसातल्या साहेबाला — पोरगी घरात होती, प्रसंगावधान दाखवलं. आता शेवटच्या वर्षाचं कुणी विचारतच नाही. माझ्या घरात असण्याचा पहिल्यांदा कुणाला तरी अभिमान वाटला, काका. मी तिथे उभी होते आणि हातात ती चार पानं होती. घेऊन गेले होते मी, रुग्णवाहिकेतसुद्धा. सोडली नव्हती. कुणाच्या लक्षात आलं नाही.

रेघ पाच कमी चारला मारलीत तुम्ही. पाच कमी चार. वीस मिनिटं.

— असं बघू नका. तुम्हीच म्हणालात नजर उचलायची नाही. तुम्हीही नव्हती उचलली, त्या दिवशी, माझ्या वेळेला. तुमच्या दारातून दिसत होतं मला, रक्त डोळ्यात जात होतं तरी दिसत होतं. पट्टी सरकली. मी काही बोलले का? मी दोन वाक्यं लिहिली फक्त. आणि नंतर तुम्हीच शिकवायला लागलात, गठ्ठे तपासायला लागलात, त्याबद्दल एक शब्द नाही, माझ्या स्वल्पविरामांची काळजी मात्र पोटच्या पोरासारखी. मला वाटायचं, ही माफी असावी. छापखान्यातल्या माणसाची माफी अशीच असेल, समासात. म्हणून तर तो परिच्छेद शेवटपर्यंत दाखवला नाही. आणि दाखवला तर —

नाही. खरं सांगते. एकदा उचलली होती नजर. शेवटचं पान पालटताना. तुमचं तोंड दिसलं. एका बाजूला ओघळलेलं, ओठातून लाळ, आणि हा डोळा तसाच. झोप नव्हती ती. मला कळलं. काय ते नव्हतं कळलं, पण काहीतरी झालंय एवढं कळलं. आणि एक पान राहिलं होतं. एकच. दोनशे चौदा. चार वर्षं मी त्या पानापर्यंत यायला घालवली होती, कुणीच ऐकलं नव्हतं ते, आणि ऐकणारा एकच माणूस होता. मी खाली बघितलं आणि वाचलं. शेवटपर्यंत. "पूर्णविराम" असंसुद्धा म्हटलं. मग फोन केला.

हे मला सांगायचं नव्हतं. मला नुसतं रेघेचं विचारायचं होतं.

बाहेर जाहिराती लागल्या वाटतं. काकू येईल मधे, चहा टाक म्हणेल. — काका, एक विचारू? रेघेचं नाही. शेवटचं पान ऐकू आलं तुम्हाला? मी वाचलं ते. पोहोचत होतं का आत? एकदा हो, दोनदा नाही. सावकाश. पाणी असेल तर पुसते आधी. हं, आता.

एकदा.

— एकदाच ना? दुसऱ्यांदा नाही. एकदा.

बरं.

म्हणजे सगळंच ऐकू येत होतं. म्हणजे मी पान पालटताना बघितलं, तेही तुम्ही बघितलंत. बरं. मला वाटलं होतं हे कळल्यावर मला काहीतरी होईल. बघा, हात बघा माझा. हलतसुद्धा नाही. मग आता एकच राहिलं, ते सांगून टाका नि मला सोडवा. परिच्छेद ठेवू? ठेव म्हणत असाल तर एकदा, काढ म्हणत असाल तर दोनदा. तुम्ही म्हणाल तसं जाईल उद्या, शब्द देते. तुम्ही काढा म्हणालात तर तुम्ही त्या खोलीत नव्हतातच. कुणालाच कळणार नाही. — मिटलेत. हे एकदा. उघडा ना आता. काका, उघडा, नाहीतर मी मोजू कसं? ... झोपलात असं दाखवू नका, पापणी थरथरतेय तुमची. ... बरं. नका उघडू.

चार वाजले. तक्त्यात डावी कूस आहे, भिंतीकडे. चष्मा काढते. हा लुळा हात आधी पोटावर, गुडघा वाकवा — वाकवते मी — आणि एक, दोन, हां. उशी पाठीला. डावा हात, तेवढाच हलतो तो, अंगाखाली येतोय, माहितेय मला, दोन तास काही होत नाही त्यानं. माझ्याकडे पाठ झाली, बरंच आहे. मला आता ही चार पानं करायचीत, आणि करताना कुणी बघितलेलं मला चालत नाही.

मी इथेच आहे स्टुलावर, तुमच्या पाठीमागे. काही लागलं तर टकटक करा.